कुलूप असलेलं घरही यादीत ठेवा: गावपाहणी करणाऱ्यांसाठी

जानेवारीचा दुसरा आठवडा. बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातलं गाव. चिठ्ठ्या टाकून काढलेली चाळीस घरं आणि त्यातल्या चौदा घरांना कुलूप. माझ्याबरोबरचा मुलगा नवा होता, मेहनती होता. दुपारपर्यंत तो तीन वेळा त्या गल्लीतून फिरून आला आणि म्हणाला, "मॅडम, शेजारची घरं उघडी आहेत. तीच घेऊ का? चाळीस भरतील."

मी नको म्हटलं. ती चौदा कुटुंबं ऊसतोडीला गेली होती. दिवाळी झाली की टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या पुढे-मागे परततात. मुकादमाची, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. ती फेडायला नवरा-बायको, म्हणजे एक कोयता, कारखान्याजवळच्या कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) चार-पाच महिने काढतात. ज्यांच्यावर कर्ज जास्त, ज्यांच्या मुलांची शाळा मध्येच तुटते, ज्या बायका पोटुशी असतानाही डोक्यावर मोळ्या वाहतात, ती सगळी माणसं त्या चौदा कुलपांमागची होती. शेजारची उघडी घरं घेतली असती तर आमच्या कागदावर गाव बरं दिसलं असतं: कर्ज कमी, पटावरची मुलं शाळेत हजर, बाळंतपणं दवाखान्यात. एकही आकडा कुणी खोटा लिहिला नसता आणि तरी गावाबद्दल आम्ही खोटं सांगितलं असतं.

पाहणीच्या कामात मला एकवीस वर्षं झाली. आधी दारोदार प्रश्न विचारले, मग पर्यवेक्षक झाले, आता नव्या मुलामुलींना शिकवते. समाजकार्याचे विद्यार्थी, अर्थशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातली मुलं, तालुक्याच्या गावी चार-पाच जणांनी चालवलेल्या संस्था विचारतात, "आम्हाला आमच्या भागातल्या लोकांचा पैसा, आजारपण आणि शाळा यांचा अभ्यास करायचा आहे, कुठून सुरुवात करू?" त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी प्रश्न लहान करा

"आमच्या तालुक्यातली गरिबी" हा पाहणीचा विषय होऊ शकत नाही. "गेल्या वर्षभरात आजारपणासाठी किती घरांनी कर्ज काढलं, कुणाकडून आणि किती व्याजाने" हा होऊ शकतो. चार माणसं, दोन महिने आणि थोडे पैसे एवढ्यात ज्याचं उत्तर मिळेल तोच प्रश्न घ्या.

घराबाहेर पडण्याआधी जे मोजून ठेवलेलं आहे ते वाचा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण 1992-93 पासून होतं आहे. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते करते. 2019-21 च्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35.2 टक्के मुलं वयाच्या मानाने बुटकी आढळली. त्याच्या आधीच्या, 2015-16 च्या फेरीत हाच आकडा 34.4 होता. पाच वर्षांत जवळपास काहीच हललं नाही, हे तुम्हाला घरबसल्या कळतं. शाळेतल्या वाचनाचं 'असर' हे ग्रामीण मुलांच्या शिक्षणाचं सर्वेक्षण सांगतं. ते 2005 पासून सुरू आहे. प्रत्येक ग्रामीण जिल्ह्यात 30 गावं, प्रत्येक गावात 20 घरं अशी त्याची रचना. शाळानिहाय पट आणि सोयी यू-डायसच्या, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीच्या, नोंदीत मिळतात, प्रत्येक शाळेला 11 अंकी क्रमांक असतो.

हे सगळं वाचून झाल्यावर दोन गोष्टी लक्षात येतील. एक, शाळेची नोंद सोडली तर तुमच्या गावाचा आकडा यात नाही. ही सर्वेक्षणं जिल्ह्यापर्यंत येतात आणि थांबतात. दुसरी, आकडा का हलला नाही ते यात नाही. तुमची जागा तिथे आहे. तीस घरांतल्या बाळांची उंची मोजून राज्याच्या टक्केवारीला आव्हान देऊ नका. त्या बाळांची आई सकाळी किती वाजता कामावर जाते, बाळाला दिवसभर कोण आणि काय भरवतं, हे विचारा.

आपल्याकडे या कामाची चांगली परंपरा आहे, ती मुलांना माहीत नसते म्हणून सांगते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या एका गावाची जमीन आणि माणसं तपासून 1917 साली अभ्यास प्रसिद्ध केला. आज तिथे उंच इमारती आहेत. धनंजयराव गाडगीळांनी 1930 पासून गोखले अर्थशास्त्र संस्थेत शेतीच्या पाहण्यांची शिस्त घातली. त्याच संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी 1971 मध्ये देशातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला.

घरांची यादी तुम्हीच करा

ग्रामपंचायतीतला नमुना 8 मागून घ्या, पण त्याच्यावर थांबू नका. तो घरपट्टीसाठी असतो. बापाच्या नावावर एक घर दिसतं आणि आत तीन चुली असतात. आपल्यासाठी एक चूल म्हणजे एक कुटुंब. मतदार यादीत लग्न होऊन आलेली सून नसते, आणि मळ्यात राहायला गेलेली चार घरं कुठल्याच यादीत नीट नसतात.

म्हणून पहिले दोन दिवस फक्त चाला. कार्डशीटवर गावाचा नकाशा काढा: देऊळ, शाळा, पाण्याची टाकी, मग गल्ल्या. नकाशा झाला की चावडीवर बसलेल्या माणसांना विचारा, "अजून कुठं लोक राहतात?" हा प्रश्न तीन वेगवेगळ्या ठिकाणी विचारा आणि त्यातल्या एका ठिकाणी तरी बायका असू द्या. तांडा, पाडा, वीटभट्टीवरची झोपडी, ओढ्यापलीकडची वस्ती ही बहुधा तिसऱ्या वेळी कळते. एका गावात सरपंचांनी आम्हाला 210 घरं सांगितली होती. चालून झाल्यावर ती 263 भरली. ती त्रेपन्न घरं कुणाची होती हे तुम्ही ओळखलंच असेल.

किती घरं घ्यायची याचं साधं गणित आहे. एखाद्या गोष्टीचं प्रमाण अजिबात माहीत नसेल, आणि 95 टक्के खात्रीने दहा टक्के इकडे-तिकडे चालणार असेल, तर मोठ्या लोकसंख्येतून 96 घरं लागतात. पाच टक्क्यांची चूकच परवडणार असेल तर 384. गाव लहान असेल तर संख्या कमी होते: 300 घरांच्या गावात दहा टक्क्यांच्या हिशेबाने 75 घरं पुरतात. पण तालुक्याबद्दल बोलायचं असेल तर एका गावातली 75 घरं उपयोगाची नाहीत. एका गावातली माणसं एकाच विहिरीचं पाणी पितात, एकाच शाळेत जातात, त्यामुळे त्यांची उत्तरंही एकमेकांसारखी येतात. तिथे गावं वाढवा, प्रत्येक गावातली घरं कमी करा, आणि एकूण संख्या साधारण दुप्पट धरा.

निवड अशी करा. 300 घरांतून 75, म्हणजे दर चौथं घर. 1 ते 4 च्या चिठ्ठ्या करून एका लहान मुलाला एक उचलायला सांगा. 3 आली तर 3, 7, 11, 15. एकदा यादी निघाली की ती बदलायची नाही. सरपंच म्हणतील, "त्या घरात काय मिळणार, दारुडा आहे, चला मी चांगली घरं दाखवतो." त्यांचा चहा घ्या, आभार माना, आणि यादीतल्या घरी जा.

कुलपाचा नियम आधीच लिहून ठेवा. माझा असा आहे: वेगवेगळ्या वेळी तीन खेपा, त्यातली एक संध्याकाळी सातनंतर. तरी कुलूप असेल तर शेजाऱ्याकडून तीनच गोष्टी विचारायच्या: कुठे गेले, कधी येणार, मुलं बरोबर नेली का. त्या घराची नोंद "बाहेरगावी" म्हणून वेगळी ठेवायची आणि अहवालाच्या पहिल्या पानावर लिहायचं: 75 पैकी इतकी घरं बंद होती, कारण हे. शक्य असेल तर ती माणसं परतल्यावर पुन्हा जा. आम्ही त्या चौदा घरांकडे एप्रिलच्या अखेरीस परत गेलो आणि बारा घरं भेटली.

दारात काय बोलायचं

ग्रामपंचायतीला पत्र द्या, आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना आधी भेटा. गावातली वाट त्यांनाच माहीत असते. पण मुलाखत चालू असताना यांपैकी कुणी शेजारी बसलेलं नको. आशाताई समोर असताना कोणती बाई म्हणेल की लसीकरणाची तारीख मला कुणी सांगितलीच नाही?

संमती हा सही घेण्याचा उपचार नाही. बोलून घ्या, साध्या शब्दांत. मी असं सांगते: "मावशी, मी अमुक संस्थेकडून आले. तुमच्या घरचा खर्च, आजारपण आणि मुलांची शाळा याबद्दल चाळीस मिनिटं बोलायचं आहे. यातून तुम्हाला कोणती योजना मिळणार नाही आणि चालू असलेलं काही बंद पण होणार नाही. तुमचं नाव कुठं छापलं जाणार नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर नको वाटलं तर नको म्हणा, मधेच उठायचं असेल तर उठा." हे बोलून थांबा. त्यांना विचारू द्या.

योजनेबद्दलचं वाक्य गाळू नका. रेशनकार्ड पिवळं राहील का केशरी होईल, लाडकी बहीणचे महिन्याचे 1,500 रुपये चालू राहतील का, या धास्तीत माणूस बसलेला असतो. त्या योजनेला कुटुंबाच्या उत्पन्नाची अडीच लाखांची मर्यादा आहे. हातात कागद घेतलेलं माणूस दिसलं की लोकांना ती मर्यादा आठवते. तेव्हा त्यांनी उत्पन्न कमी सांगितलं तर ते लबाड आहेत असं मनातही आणू नका.

मुलांचं वजन-उंची घेणार असाल, रक्त तपासणार असाल, तर नैतिक समितीची मंजुरी आधी हवी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा. जवळच्या वैद्यकीय किंवा समाजकार्य महाविद्यालयात अशी समिती असते.

पैसा: उत्पन्न विचारू नका, खर्च विचारा

"तुमचं महिन्याचं उत्पन्न किती?" हा प्रश्न शेतकरी-मजुराच्या घरात अर्थहीन आहे. कापसाचे पैसे वर्षातून दोनदा येतात, मजुरी मिळेल त्या दिवशी, पीएम किसानचे 2,000 वर्षातून तीनदा, आणि मुलगा पुण्याहून पाठवतो ते सणाला. यातून महिन्याचा आकडा काढा म्हटलं की माणूस समोरच्याला बरा वाटेल असा आकडा सांगून मोकळा होतो.

खर्च विचारला की आठवण हाताला लागते. पण किती दिवसांची आठवण? या एका गोष्टीवर आपल्या देशात मोठा वाद झाला आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 1999-2000 च्या फेरीत एकाच घराला खाण्याचा खर्च सात दिवसांचाही विचारला आणि तीस दिवसांचाही. माणसं एका उत्तरावरून दुसरं जुळवू लागली. त्यामुळे देशातली गरिबी खरोखर किती घटली यावर अर्थशास्त्रज्ञ पुढे अनेक वर्षं भांडत राहिले. त्यातून आपण घ्यायचं ते असं: भाजी, दूध, अंडी, मटण सात दिवसांचं, धान्य, तेल, साबण, रिचार्ज तीस दिवसांचं, कपडे, भांडी, शाळेची फी, लग्न, दवाखान्यात दाखल होणं वर्षाचं. एकाच वस्तूला दोन कालावधी लावू नका. आता सरकारी सर्वेक्षणही हे सगळं एका बैठकीत विचारत नाही, 2022-23 पासून एकाच घराकडे तीन महिन्यांत तीनदा जातात. तुम्हाला तीनदा जमत नसेल तर दोनदा जा. एका बैठकीत चाळीस मिनिटांनंतर मिळणारी उत्तरं बाईला चूल पेटवायची घाई झालेली असताना दिलेली असतात.

आता मापांकडे. जमीन गुंठ्यात लिहा. 40 गुंठे म्हणजे एक एकर, आणि लहान शेतकऱ्याचा हिशेब तिथेच असतो. ज्वारी पायलीत सांगितली तर त्या घरातली पायली आणायला लावा आणि वजन करा, कारण तालुका बदलला की पायली बदलते. घरचं पिकवून खाल्लेलं धान्य खर्चात धरा, गावातल्या त्या दिवसाच्या भावाने. आमच्या एका अभ्यासात हे राहून गेलं आणि तीन एकरवाला शेतकरी भूमिहीन मजुरापेक्षा गरीब दिसायला लागला.

व्याजाची चूक तर प्रत्येक नव्या तुकडीत होते. बाई म्हणते, "तीन रुपयानं घेतले." मुलगा लिहितो, 3 टक्के. बँकेपेक्षा सावकार स्वस्त, असा निष्कर्ष घेऊन तो संध्याकाळी आनंदाने येतो. तीन रुपये म्हणजे शेकडा, दरमहा तीन. वर्षाला 36 टक्के. नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी काढलेल्या 40,000 चं वर्षाचं व्याजच 14,400 होतं, मुद्दल तसंच. म्हणून कर्जाला पाच रकाने ठेवा: कधी, किती, कुणाकडून, शेकडा किती आणि महिन्याचे की वर्षाचे, तारण काय. मुकादमाची उचल, दुकानातली उधारी, बचत गटाचं कर्ज, सोनं गहाण हे एकेक नाव घेऊन विचारा. नुसतं "कर्ज आहे का?" विचारलं तर लोक फक्त बँकेचं सांगतात.

आणि बाईचं काम. "तुम्ही काय करता?" "काही नाही, घरीच असते." हे उत्तर मी हजारदा ऐकलं आहे आणि हजारदा ते लिहून घेण्यापासून माझ्या मुलींना थांबवलं आहे. कालचा दिवस विचारा. "काल किती वाजता उठलात? मग?" पाणी भरलं, शेळ्या सोडल्या, दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेले, येताना सरपण आणलं, सासूच्या पायाला तेल लावलं. देशभरातल्या 2019 च्या कालवापर सर्वेक्षणात असं दिसलं की घरकाम करणाऱ्या बाईचा त्यात दिवसाला 299 मिनिटं वेळ जातो आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाचा 97. तुमच्या फॉर्मात "गृहिणी" एवढंच लिहिलं तर ही सगळी मिनिटं पुसली जातात.

आजारपण: जे रोजचं आहे ते कुणी सांगत नाही

अमर्त्य सेन यांनी दाखवलेली एक विसंगती मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. आयुर्मान जिथे सगळ्यात चांगलं त्या केरळमध्ये लोक आजार जास्त सांगतात आणि बिहारमध्ये कमी. बिहारची माणसं जास्त निरोगी आहेत म्हणून नव्हे. डॉक्टर जवळ असला, शाळा शिकलेली असली की दुखण्याला आजार म्हणता येतं. नाहीतर ते नशीब असतं किंवा वय.

तेव्हा "घरात कुणी आजारी होतं का?" एवढं विचारून "नाही" लिहू नका. गेल्या 15 दिवसांचं विचारा, घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन: ताप, खोकला, जुलाब, अंगदुखी, चक्कर, दम, जखम, डोळ्याला कमी दिसणं. "कंबर दुखते का?" "ते तर रोजचंच." ते रोजचंच लिहून घ्यायचं असतं. दवाखान्यात दाखल झाल्याचं मात्र 365 दिवसांचं विचारा. ते कुणी विसरत नाही.

खर्चात औषध आणि डॉक्टरची फी एवढंच धरलं तर अर्धा खर्च निसटतो. गाडीभाडं, सोबत गेलेल्यांचं खाणं, बुडालेली मजुरी, विकलेली शेळी. सरकारी दवाखान्यात "फुकट" झालेल्या बाळंतपणाला किती लागले, हे असंच एकेक विचारत गेल्याशिवाय कळत नाही.

बायकांचं दुखणं बाईनेच विचारायचं, आणि एकटीला. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बायका तपासल्या आणि 1989 मध्ये ते प्रसिद्ध केलं. 92 टक्के बायकांना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता, आणि त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. तोवर हे दुखणं कुठल्याच आकडेवारीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. शब्दही त्यांचेच वापरा. "श्वेतप्रदर होतो का?" याला उत्तर येत नाही. "अंगावरून पांढरं जातं का?" याला येतं.

मुलाचा दंड मोजणार असाल तर फीत कशी धरायची हे दोन दिवस एकमेकांच्या मुलांवर शिका. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर 11.5 सेंटिमीटरच्या आत असेल तर ते तीव्र कुपोषित आहे. दोन वर्षांखालच्या मुलाची लांबी झोपवून घेतात, त्यापुढच्याची उंची उभं करून. वयासाठी लसीकरणाचं कार्ड बघा. शाळेच्या दाखल्यावर 1 जून दिसला तर सावध व्हा. आपल्याकडे प्रवेशासाठी कितीतरी पिढ्यांना 1 जूनलाच जन्माला घातलं आहे. आजी-आजोबांचं वय विचारताना बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही केवढे होता, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी पहिलं लेकरू झालं होतं का, असं विचारत जा.

आणि तीव्र कुपोषित मूल सापडलं तर फॉर्म बंद करा. त्याच दिवशी आई, अंगणवाडीताई आणि आरोग्य केंद्र यांची गाठ घालून द्या, दोन दिवसांनी विचारपूस करा. एका जुन्या प्रकल्पात "आपलं काम फक्त मोजणं" असं आम्हाला बजावलं होतं. मी ते ऐकलं. ते मूल पावसाळ्यात गेलं. त्यानंतर मी तसल्या अटीवर काम घेतलेलं नाही.

शाळा: पटावर आहे, पण काल गेला होता का?

"शाळेत जातो का?" याला सगळीकडे "हो" येतं, आणि ते खरंही असतं. पटावर नाव आहे. त्यापुढे विचारा: काल शाळा होती का, काल गेला होता का, शेवटचा कधी गेला. शाळेत जाल तेव्हा आधी कळवून एकदा आणि न कळवता एकदा जा. डोकी मोजा, हजेरीपटाशी ताडून बघा. गुरुजींना दोषी धरायला नव्हे. एक शिक्षक, चार वर्ग आणि वर निवडणुकीचं काम असलं की गैरहजेरीचं कारणही लिहायला हवं.

मूल काय शिकलं हे मुलाशेजारी बसूनच कळतं. घरी, जमिनीवर, त्याच्या बरोबरीने. अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा चार ओळींचा उतारा, दुसरीच्या पातळीची छोटी गोष्ट, अशा चार पायऱ्या ठेवा. सुरुवात उताऱ्यापासून करा. वाचला तर गोष्ट द्या, अडला तर शब्द द्या. 2024 च्या 'असर'मध्ये देशातल्या ग्रामीण भागातली तिसरीची 27.1 टक्के मुलंच दुसरीचा मजकूर वाचू शकली. त्यामुळे तुमच्यासमोरचं मूल अडखळलं तर दचकू नका आणि आईकडे बघू नका. मूल ते बघत असतं. शेवटची पायरी नेहमी त्याला येणारी असावी, म्हणजे ते हसून उठतं. घरात कोरकू, गोंडी, पावरी किंवा गोरमाटी बोलत असतील तर ती भाषा येणारं माणूस बरोबर घ्या आणि मुलाच्या घरची भाषा फॉर्मात नोंदवा. मराठी न वाचणं आणि वाचताच न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

रोज संध्याकाळी दिवा लावून बसा

प्रश्नावली आधी दहा घरांत चालवून बघा, ती घरं तुमच्या यादीबाहेरची असू द्यात. जिथे तीन माणसांनी "म्हंजी?" म्हटलं तो प्रश्न बदला. मोबाईलवर भरणार असाल तर ओडीके किंवा कोबोसारखं ॲप चालेल, पण चार्जिंग आणि रेंज दोन्ही नसलेल्या वस्तीसाठी कागदाचे फॉर्म पिशवीत ठेवा.

रोज मुक्कामी आलात की त्याच संध्याकाळी सगळ्यांचे फॉर्म सगळ्यांनी बघा. दुसऱ्या दिवशी आठवण पुसट होते. दहातल्या एका घरी पर्यवेक्षकाने स्वतः परत जाऊन चार-पाच प्रश्न पुन्हा विचारावेत. एकदा माझ्या तुकडीतल्या एकाने झाडाखाली बसून नऊ फॉर्म भरले होते. पकडले ते असे: सगळी वयं 30, 35, 40, 45; कुठेच "माहीत नाही" नाही; कुणाच्याच घरी गेल्या वर्षात मयत नाही. खऱ्या घरांची उत्तरं इतकी गुळगुळीत नसतात. तो मुलगा वाईट नव्हता. त्याला दिवसाला बारा घरांचं लक्ष्य देणारी मीच होते. आता मी पाचपेक्षा जास्त देत नाही.

आकडे मांडताना

प्रत्येक टक्क्याशेजारी घरांची संख्या लिहा. "33 टक्के" आणि "तीनपैकी एक" यांत फार फरक आहे. तीसपेक्षा कमी घरांबद्दल बोलायचं असेल तर टक्के वापरूच नका. "उत्तर दिलं नाही", "माहीत नाही" आणि "शून्य" यांना वेगवेगळे क्रमांक द्या. हे तिन्ही रिकामे सोडले की पुढे कुणीतरी त्यांना शून्य समजतं.

ज्या घरांत शौचालय आहे तिथली मुलं उंच, असं तुमच्या तक्त्यात दिसेल. लगेच शौचालयामुळे मुलं उंच झाली असं लिहू नका. त्या घरांत जमीनही जास्त असेल, आई शिकलेली असेल. एखाद्या कामाचा परिणाम खरंच दाखवायचा तर तुलना लागते. गडचिरोलीत नवजात बाळांना घरीच उपचार देण्याचं काम 39 गावांत झालं आणि शेजारच्या 47 गावांत ते नव्हतं, पण जन्म-मृत्यू दोन्हीकडे सारख्याच काळजीने मोजले. म्हणून तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यूदर 62 टक्क्यांनी घटल्याचं 1999 मध्ये छापलं तेव्हा ते जगाने मान्य केलं. तुमच्याकडे अशी तुलना नसेल तर "सोबत आढळलं" एवढंच लिहा.

नावं गाळली म्हणजे ओळख लपली असं नाही. ज्या गावात अमुक जातीची दोनच घरं आहेत तिथे जात आणि कर्ज एका तक्त्यात छापलं की सगळ्या गावाला कळतं. असे तक्ते दोन-तीन गावं एकत्र करून मांडा. नावांची यादी आणि उत्तरं वेगवेगळ्या कपाटांत ठेवा.

अहवाल छापण्याआधी गावात वाचून दाखवा. एका पानावर, मोठ्या अक्षरांत, दहा आकडे. टक्के सांगू नका, "दहातली चार घरं" असं सांगा. लोक दुरुस्ती सुचवतात आणि ती बहुतेक वेळा बरोबर असते. एका ग्रामसभेत आमचा पाण्याचा आकडा ऐकून एक आजी उठल्या. हा श्रावणातला आकडा आहे, चैत्रातला सांगा, म्हणाल्या. आम्ही तो तक्ता काढून टाकला आणि चैत्रात पुन्हा मोजणी केली.

ग्रामसभा कोणती निवडता ते मात्र बघा. आपल्याकडे 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरला ग्रामसभा असते. ऊसतोडीच्या गावात 26 जानेवारीला जाऊ नका. 1 मे धरा. तोवर त्या चौदा घरांची कुलपं निघालेली असतात.